हेमाडपंती देवळाला रॅम्प कसा करावा: साक्री तालुक्यातल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा: साक्री तालुक्यातल्या एका गावात काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ आहे. सभामंडपाचं जोतं साडेतीन फूट उंच, समोर सहा पायऱ्या, आत गर्भगृहाचा फूटभर उंच उंबरठा. गावातल्या म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवर असलेल्या दोघा-तिघांना आत जाता येत नाही. पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार ओतायचा आणि पायऱ्यांत पाइप रोवून कठडा करायचा, असं गावात ठरलं आहे. देऊळ खराब न होता हे कसं करावं?

ओतायचं काम आधी थांबवा. रॅम्प करूच नका, असं म्हणणं नाही, रॅम्प हवाच. पण जुन्या दगडाजवळ जे काही नवं करायचं ते दगडाला टेकवायचं, दगडात रोवायचं नाही आणि दगडावर ओतायचंही नाही. उद्या कुणाला यापेक्षा चांगली युक्ती सुचली तर पाना घेऊन दोन दिवसांत सगळं उचलता आलं पाहिजे, आणि खालचा दगड आज आहे तसाच सापडला पाहिजे. पुढचा सगळा तपशील या एका अटीतून निघतो.

देऊळ कुणाच्या ताब्यात आहे

हे पहिल्याच दिवशी बघा. बळसाण्याची देवळं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ, थाळनेरच्या फारुकी कबरी ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात गावाला किंवा ट्रस्टला नवं बांधकाम करता येत नाही. रॅम्पची मागणी तुम्ही करायची; काम पुरातत्त्व सर्वेक्षण स्वतः करतं किंवा आपल्या देखरेखीखाली करून घेतं. राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं नाशिकचं कार्यालय गाठा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या महादेव मंदिरासारखी जागा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते, तिथे वनखात्याचीही परवानगी लागते. देऊळ कुठल्याच यादीत नसेल तर निर्णय ट्रस्टचा आणि पंचायतीचा. अशा देवळांचंच सर्वात जास्त नुकसान होतं, कारण अडवणारं कुणी नसतं आणि निधी मार्चच्या आत संपवायचा असतो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि सार्वजनिक जागा सुगम असणं हा त्यात हक्क आहे, सोय नव्हे. सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणारा त्याच्या नियमांतला नियम १५ सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायद्याशी विसंगत ठरवला. त्यामुळे 'जुनी वास्तू आहे, इथे काही करता येणार नाही' हे कार्यालयातून येणारं तयार उत्तर मान्य करू नका. काय करता येतं ते लेखी मागा.

सिमेंट का नको

ही देवळं बहुतेक कोरड्या बांधणीची असतात. चिऱ्यावर चिरा, खाचेत खाच, सगळा भार वजनावर आणि घडाईवर. (हेमाडपंती हे नाव यादवांच्या हेमाद्रीवरून पडलं, पण त्या नावाने ओळखली जाणारी खानदेशातली बरीच देवळं त्याच्या आधीची आहेत.) उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत तापणारा आणि रात्री निवणारा दगड सांध्यांत किंचित हलतो, आणि त्याला तसं हलायला जागा लागते. जोत्याला लागून काँक्रीट ओतलं की सिमेंटचं पाणी सांध्यांत शिरून तिथेच घट्ट बसतं. मग दगड सरकू शकत नाही; तो कडेला टवके टाकतो.

दुसरं नुकसान पाण्याचं. जमिनीतली ओल पूर्वी फरशीच्या सांध्यांतून वाफ होऊन निघून जायची. वर काँक्रीट आलं की तिला तो मार्ग राहत नाही आणि ती जोत्याच्या दगडात चढते. सिमेंटमधले क्षार तिच्याबरोबर वर येतात, पृष्ठभागाजवळ पाणी सुकतं आणि क्षारांचे खडे दगडाच्या छिद्रांत फुगतात. पांढरी बुरशी दिसते म्हणून लोक घासतात. ती बुरशी नव्हे, मीठ आहे. दोन-चार पावसाळ्यांनी त्याच जागी पापुद्रे सुटू लागतात, आणि ती जागा बहुधा जोत्याच्या कोरीव थरांचीच असते.

पाइप रोवणं त्याहून वाईट. ड्रिलने पायरीच्या कडेला भोक पाडलं की दगडाला बारीक तडा बसतो. मग लोखंड गंजतं, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा घेतं. भोकातून कडेपर्यंत चीर जाते आणि एक दिवस पायरीचा कोपरा कठड्यासकट हातात येतो.

मोजमाप कुठून घ्यायचं

इथे बहुतेक अंदाजपत्रकं चुकतात. जोत्याची उंची पायरीपाशी मोजतात, पण रॅम्प सुरू होतो तिथून पंधरा-सतरा मीटर लांब. मधली जमीन सपाट क्वचितच असते. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्या, एक टोक जोत्याच्या माथ्याशी धरा आणि रॅम्पचा पाय जिथे येणार तिथली खरी उंची काढा. पायरीपाशी १०५० मिलिमीटर भरणारं जोतं तिथून १३०० भरू शकतं. हा २५० मिलिमीटरचा फरक १:१२ च्या उताराला (म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) तीन मीटर लांबी वाढवतो. तो कागदावर धरला नाही तर ठेकेदार जागेवर उतार उभा करून मोकळा होतो.

नळी देवळाच्या चारही बाजूंनी फिरवा. जुन्या आवारात एका बाजूला माती साचून जमीन चढलेली असते; समोर साडेतीन फूट असलेलं जोतं बाजूच्या मुखमंडपाशी दोन फूटच भरतं, असं पुष्कळदा आढळतं. बाजूला दार असेल तर रॅम्प तिकडे घ्या: लांबी जवळजवळ चाळीस टक्के कमी होते आणि समोरचं कोरीवकामही झाकत नाही. मात्र ती वाट चपलांच्या ढिगामागून किंवा खरकट्या मोरीजवळून जाणारी नसावी. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस इतरांबरोबर त्याच सभामंडपात पोहोचला पाहिजे.

आता हिशोब. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. १०५० मिलिमीटर चढायला १२.६ मीटर उतार लागतो. एका सलग टप्प्यात ७५० मिलिमीटरपेक्षा जास्त चढू नये, म्हणून ६.३ मीटरचे दोन टप्पे आणि मध्ये दीड मीटरचा सपाट भाग. वर आणि खाली आणखी दीड-दीड मीटर सपाट. सरळ रेषेत १७.१ मीटर झाले. तेवढी जागा नसेल तर मधल्या सपाट भागावर उलट वळवून दोन टप्पे शेजारी-शेजारी घ्या, म्हणजे साडेनऊ मीटरच्या आत बसतो. जागा असेल तर १:१५ करा. खुर्ची स्वतःच्या हाताने चालवणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो.

गावात होणारे उतार सहसा १:५ किंवा १:६ असतात. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो धरलं तर १:१२ वर ढकलायला साधारण ८ किलोचा जोर लागतो, १:५ वर जवळपास २० किलोचा, तोही सलग. शिवाय इतक्या उभ्या चढावर पुढची छोटी चाकं उचलली जाऊन खुर्ची मागे उलटते. असा रॅम्प मोटारसायकल वर न्यायच्या उपयोगाचा, आणि त्याच कामाला तो लागतो.

सांगाडा आणि त्याचे पाय

रॅम्प स्वतःच्या पायांवर उभा राहणारा हवा, देवळाला कुठेही बांधलेला नको. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा कारखान्यात कापून, भोकं पाडून, जस्ताच्या गरम कुंडात बुडवून आणायचा आणि जागेवर फक्त नट-बोल्टने जोडायचा. जागेवर वेल्डिंग नको, कारण जोडापाशी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ग्राइंडर तर देवळाच्या आवारातच नको. त्याच्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण दगडात रुततात आणि पहिल्या पावसानंतर जोतंभर तपकिरी ठिपके उठतात. ते मग कशानेच धड निघत नाहीत.

रुंदी कठड्यांच्या आत १२०० मिलिमीटर; श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला झुंबड उडत असेल तर १५००. भार नेहमीच्या दिवसाचा धरू नका. यात्रेत रॅम्पवर माणसं रांगेत चिकटून उभी राहतात, म्हणून दर चौरस मीटरला ५०० किलो धरा. पाय दीड-दीड मीटरवर असतील आणि रॅम्प १२०० चा असेल तर प्रत्येक पायावर साधारण पाचशे किलो येतात.

तो पाय कशावर उभा करायचा, हा खानदेशातला खरा अवघड प्रश्न. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगून वर उचलते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकते. एरवी काळ्या मातीत खड्डा घेऊन माती काढतात आणि मुरूम भरतात. इथे ते चालणार नाही: जुन्या देवळाभोवतीच्या जमिनीत पडझडीचे कोरीव दगड, जुनी फरसबंदी, मातीची भांडी असतात आणि ती माती हा पुरावा आहे. म्हणून खोदायचं नाही, वर भरायचं. जमिनीवरचं गवत-कचरा हाताने काढा, जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर मुरूम १००-१०० मिलिमीटरच्या दोन थरांत, पाणी मारून, हाताच्या धुम्मसाने ठोकून बसवा. यंत्राचा कंप देणारा रोलर देवळाजवळ नको. मुरमावर ६०० मिलिमीटर चौरस, १०० मिलिमीटर जाड सुट्या फरश्या. त्यावर १० मिलिमीटर निओप्रीन रबराची चकती. चकतीवर पायाची ३०० मिलिमीटर चौरस लोखंडी पाटी. दोन थर पुरले की नाही हे खालची माती बघून अभियंत्याने ठरवायचं.

पाटी आणि खांब यांच्यामध्ये आट्यांचा जॅक बसवायचा, इमारतीच्या सेंट्रिंगला वापरतात तसा. काळी माती हलणारच, तिला तुम्ही थांबवू शकत नाही. पण पावसाळा संपल्यावर पान्याने दोन आटे फिरवून पातळी पुन्हा जमवता येते. हा जॅक नसेल तर दुसऱ्या वर्षी रॅम्पच्या पायथ्याशी किंवा माथ्याशी बोटभर पायरी तयार होते. चालणाऱ्याला ती दिसतही नाही, पण पुढच्या छोट्या चाकाला १२ मिलिमीटरपेक्षा जास्त उठाव म्हणजे भिंतच.

रॅम्प जोत्याला चिकटवू नका, निदान एक फूट अंतर ठेवा. त्या फटीतून झाडणारी बाई केरसुणी फिरवू शकली पाहिजे. नाहीतर पालापाचोळा साचतो, ओल धरते, आणि सांध्यात पिंपळ उगवतो. पिंपळाचं बोटभर रोप हाताने उपटता येतं. मनगटाएवढं झालं की दगड उतरवल्याशिवाय निघत नाही. माथ्याचा सपाट भाग जोत्यापर्यंत पोहोचवायला बिजागरीची पाटी घ्या: बिजागरी रॅम्पच्या बाजूला, जोत्यावर ती नुसती टेकलेली, खाली रबर.

वरची फळी

देवळात माणूस अनवाणी येतो, हे नकाशा काढणारे विसरतात. मे महिन्यात दुपारी जाळीदार लोखंडी पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, एवढंच म्हणतो. फळी लाकडाची हवी. सागवान उत्तम, नसेल तर प्रक्रिया केलेल्या बांबूच्या फळ्या चालतात. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या, मध्ये ५ ते ८ मिलिमीटर फट. पाणी खाली गळायला तेवढी पुरते, काठीचं टोक अडकत नाही. दोन्ही कडांना ७५ मिलिमीटर उंच पट्टी, म्हणजे चाक बाहेर घसरत नाही.

पॉलिश केलेला कोटा, संगमरवर, चकचकीत टाइल्स: यांपैकी काहीही नको. नारळाचं पाणी, दिव्याचं तेल आणि पाऊस एकत्र आले की अशा फरशीवर धडधाकट माणूसही आडवा होतो. काथ्याची चटई ऊन टाळायला बरी वाटते, पण तिच्या सैल कडेत पुढचं चाक अडकतं.

कठडा दोन उंचींवर, ९०० आणि ७६० मिलिमीटर. दांडा मुठीत मावणारा गोल, ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीचा, आणि उतार संपल्यावरही ३०० मिलिमीटर पुढे गेलेला, कारण आधार सगळ्यात जास्त लागतो तो सपाटीवर पहिलं पाऊल टाकताना. दांडाही तापतो, त्यावर लाकडी पट्टी बसवा.

पायऱ्या तशाच राहू द्या. अनेक म्हाताऱ्यांना रॅम्प नको असतो. सतरा मीटर फिरून जाण्यापेक्षा सहा पायऱ्या बऱ्या, फक्त धरायला काहीतरी हवं. 'मना गुडघा दुखस' म्हणणाऱ्या आजीची गरज आणि चाकाच्या खुर्चीची गरज वेगळी आहे. पायऱ्यांच्या एका कडेला स्वतःच्या वजनाने उभा राहणारा कठडा करा: खाली आणि वर रुंद जड पाट्या, मध्ये दांडा, पाट्यांखाली रबर. झिजून खोलगट झालेल्या पायऱ्यांवर टाकी चालवून त्या सरळ करू नका. त्यावर लाकडी आवरण-पायरी नुसती बसवा. कमी दिसणाऱ्यांसाठी तिच्या कडेला पिवळी पट्टी मारता येते. दगडावर मात्र ऑइलपेंटचा एक फटकाराही नको.

उंबरठा

रॅम्प झाला, खुर्ची सभामंडपात आली. पुढे गर्भगृहाचा दरवाजा. या उंबरठ्याकडे खाली वाकून नीट बघा. मध्ये अर्धगोल पुढे आलेला भाग, दोन्ही बाजूंना कीर्तिमुखं, आणि समोर जमिनीलगत कमळ-शंख कोरलेली चंद्रशिळा. शेकडो वर्षं पाय लागून गुळगुळीत झालेला हा देवळातला सगळ्यात नाजूक भाग, आणि 'एवढा उंबरठा फोडला की काम झालं' ही सूचना नेमकी याच्याबद्दल येते.

३०० मिलिमीटरच्या उंबरठ्यावरून चाक न्यायला १:१२ ने दोन्ही बाजूंना ३.६-३.६ मीटर उतार लागतो. अंतराळात (सभामंडप आणि गर्भगृह यांच्यामधल्या छोट्या दालनात) एवढी जागा नसते. आत तर त्याहून अडचण, कारण महादेवाच्या बऱ्याच देवळांत गर्भगृह सभामंडपापेक्षा खाली असतं आणि उंबरठ्यापलीकडे पायऱ्या उतरतात. दारही अरुंद. तेव्हा इथे चाक थांबतं, हे मान्य करा आणि थांबण्याची जागा चांगली करा. अंतराळासमोर दीड मीटर व्यासाचं वर्तुळ कायम मोकळं राहू द्या, खुर्ची तेवढ्यात वळते. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत असते. त्या उंचीवरून पिंडी दिसते का, हे स्वतः स्टुलावर बसून बघा. बहुतेक वेळा दगड आड येत नाही. आड येतात ती दानपेटी, रांगेचे स्टीलचे कठडे, समई आणि जाळीचं फाटक. हे सगळं आपणच ठेवलेलं आहे आणि आजच हलवता येतं. नंदी मात्र हलवायचा नाही. त्याच्या उजवी-डावीकडून तिरकी नजर कुठून पोहोचते ती जागा शोधा. आतल्या पूजेचं दर्शन पडद्यावर दाखवणं ही शेवटची सोय, पहिली नव्हे.

चालत येणाऱ्यांसाठी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर उंच लाकडी पाट ठेवता येतो, म्हणजे एका मोठ्या ढांगेऐवजी दोन लहान पावलं होतात. बाहेरच्या पाटाचे पाय चंद्रशिळेच्या दोन बाजूंना पडतील असा तो रुंद करा, शिळेला स्पर्श नको. पायाखाली नमदा. शेजारी धरायला सुटा खांब. चौकटीच्या द्वारशाखेला धरून लोक आत जातात, आणि त्या घामट हातांनीच तिथली नक्षी काळवंडून झिजते. खांब दिला की तेही बरंचसं थांबतं.

आवार, खुर्ची, स्वच्छतागृह

रॅम्प रस्त्यापासून सुरू होतो, पायरीपासून नाही. फाटकापासून देवळापर्यंत वाळू, खडी आणि उखडलेली फरशी असेल तर रॅम्प नुसता शोभेचा. जुनी फरसबंदी उचलून नवी टाकू नका. सांधे साफ करून चुन्याने भरा, म्हणजे चाक चालतं आणि ओलही निघते. एक भाग भिजवून मुरवलेला चुना, अडीच-तीन भाग धुतलेली कणीदार वाळू, त्यात थोडी सुर्खी (भाजक्या विटांची पूड). हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच. मे महिन्यात भरलेला चुना धरायच्या आत सुकतो आणि नखाने भुगा होतो. भरल्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. आवाराची पातळी वाढवणारा कुठलाही थर, काँक्रीट असो की पेव्हर ब्लॉक, टाकू नका. पावसाचं पाणी देवळात वळतं.

देवळात ठेवायची खुर्ची हवेच्या टायरची घेऊ नका. वेड्या बाभळीचा काटा आपल्याकडे आठ दिवसांत ट्यूब फोडतो, आणि पंक्चर खुर्ची मग पुजाऱ्याच्या खोलीत सामान ठेवायच्या कामी येते. भरीव टायर आणि पुढची चाकं २०० मिलिमीटरची घ्या. लहान चाकं फरशीच्या सांध्यात अडतात.

स्वच्छतागृह आवाराबाहेर, साधारण २.२ बाय २ मीटर, दार बाहेर उघडणारं आणि ९०० मिलिमीटर मोकळं, कमोडशेजारी धरायला दांडे. वाटेवर दर तीस मीटरला सावलीत बाक, ४५० मिलिमीटर उंच, पाठ आणि हात असलेला.

अंध माणसाला देऊळ म्हणजे थंड दगड, वटवाघळांचा वास आणि घंटेचा आवाज एवढंच राहू नये. हाताने चाचपता येईल अशी देवळाची लहान प्रतिकृती ८०० मिलिमीटर उंच टेबलावर ठेवा, मराठी ब्रेलमधल्या माहितीसह. ती पितळेची करून उन्हात ठेवली तर बोटं भाजतात; सावलीत, शक्यतो सभामंडपातच ठेवा. शिलालेख असेल तर मूळ अक्षरांवर हात फिरवू देऊ नका, त्याच्या ठशावरून केलेली प्रत द्या. पाटणला शके ११२८ चा लेख आहे: भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. (हा ज्योतिषी चांगदेव, संगमावरचा योगी नव्हे.) अशी अक्षरं बोटाने वाचता यावीत, पण ती प्रतीवर. मोबाइलने उघडायच्या माहितीवर भिस्त ठेवू नका, डोंगराकडेला रेंज नसते. गावातल्या दोन मुलांना नीट वर्णन करून सांगायला शिकवा, अहिराणीतही.

प्रत्येक जागी चाक नेता येणार नाही, हेही तितकंच खरं. लळिंगच्या किल्ल्यावर रॅम्प हा विचारच चुकीचा. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पायऱ्या उतरूनच जावं लागतं. अजिंठ्याला डोलीवाले आहेत, पण चौघांच्या खांद्यावर बसणं सगळ्यांनाच मानवत नाही. अशा जागी पायथ्याशी चाकाने पोहोचता येईल असं निरीक्षणस्थळ, प्रतिकृती आणि चांगली चित्रं, एवढंच प्रामाणिकपणे करावं. तुमचं देऊळ त्या प्रकारातलं नाही.

गावात उतार आधीच ओतला असेल तर

ब्रेकर लावू नका, त्याचा कंप जोत्यातून थेट वरच्या थरांत जातो. आधी जोत्यालगतची ५०-७५ मिलिमीटरची पट्टी छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढून काँक्रीट देवळापासून सुटं करा, मग बाकीचं तुकड्यांनी फोडा. दगडाला चिकटून राहिलेली शेवटची सिमेंटची साल खरवडायच्या भरीला पडू नका. ॲसिडने धुवायचं तर नावच नको. ती साल जाणकार संवर्धकाकडून काढून घ्या, नाहीतर तशीच राहू द्या.

दरवर्षीचं काम

काम सुरू करण्याआधी जोत्याच्या चारही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि तारीख लिहा. दसऱ्यानंतर तेच फोटो पुन्हा, त्याच जागांवरून, आणि जुन्यांशी ताडून बघा. त्याच वेळी लेव्हल नळीने रॅम्पची पातळी तपासायची, जॅक जमवायचे, सैल बोल्ट आवळायचे, फळ्यांना जवसाचं तेल द्यायचं, रॅम्प आणि जोत्यामधल्या फटीतली रोपं उपटायची. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे, पण ते कुणाचं हे ट्रस्टच्या ठरावात नावानिशी लिहा. यात्रेच्या आठ दिवस आधी आणखी एक फेरी मारा, कारण फुलं-नारळाचं पहिलं दुकान रॅम्पच्या पायथ्याच्या सपाट भागावरच लागतं.